रात्रीच्या खाण्याचं मूळ दिवसात शोधा

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं संक्षिप्त करून देते आहे.

"मी ३७ वर्षांची आहे. नोकरी करते. नवरा आणि दोन मुलं आहेत. बाहेरून बघणाऱ्याला माझं सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटेल. सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर पडते. दुपारी थोडी कच्ची भाजी आणि एखादं फळ. रात्री सगळ्यांना वाढते, स्वतः दोन घास खाते. पण घर झोपलं की मला काय होतं ते कळत नाही. स्वयंपाकघरात जाते, दिवा लावत नाही. बिस्किटांचा पुडा, ब्रेड, उरलेला गार भात, मुलांची चॉकलेटं, हाताला लागेल ते उभ्यानेच खाते. चवसुद्धा कळत नाही. पोट दुखायला लागलं की थांबते. मग रॅपर कचऱ्याच्या पिशवीत अगदी तळाशी दाबते, आणि दुसऱ्या दिवशी येताना मोजून तेवढीच चॉकलेटं आणून डब्यात ठेवते, म्हणजे मुलांना कळू नये. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे होतं. उलटी वगैरे मी काढत नाही. तीन वर्षांपूर्वी कडक डाएट करून बरंच वजन उतरवलं होतं, सगळ्यांनी खूप कौतुक केलं. त्यानंतर हे सुरू झालं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हापासून जरा वाढलंय, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. आई मला लहानपणापासून हावरट म्हणायची. तिचंच खरं होतं का? बाकी सगळ्या बाबतीत मी शिस्तीची, मग इथेच माझा संयम कुठे जातो? आणि नवऱ्याला हे सांगू का?"

ताई, संयमाचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचं बोलणं सोपं होईल.

सकाळपासून रात्री सगळे झोपेपर्यंत तुम्ही जे करता, त्याला संयमच म्हणतात. नोकरी, घर, दोन मुलं, आणि या सगळ्यावर दिवसभरात पोटात गेलेलं एकूण अन्न एखाद्या लहान मुलालाही पुरणार नाही एवढं. इतका संयम फार थोड्या माणसांना जमतो. तुमचा त्रास संयम कमी पडल्याने होत नाहीये, तो अति झाल्याने होतोय. रात्री स्वयंपाकघरात जे घडतं त्याची सुरुवात सकाळच्या नुसत्या चहापासूनच झालेली असते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. यामागे अनेक दशकांचं संशोधन आहे, आणि ते समजून घेतलंत तर स्वतःला कोसणं तरी थांबेल असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युरोपात लाखो लोक उपासमारीत होते. त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे शोधायचं होतं. ३६ तरुण स्वेच्छेने तयार झाले. शरीराने धडधाकट आणि मनाने खंबीर असेच मुद्दाम निवडलेले. २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं आणि त्यांचं वजन जवळपास एक चतुर्थांशाने उतरलं. पुढचं वाचताना तुम्हाला स्वतःची आठवण येईल. त्या तरुणांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय काही उरलं नाही. ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. काहींना राहवलं नाही, त्यांनी चोरून खाल्लं आणि नंतर अपराधीपणाने ते पार कोलमडले. आणि निर्बंध उठल्यावर त्यांतले काही जण पोट फुटायची वेळ येईपर्यंत खायचे, तरी भूक भागली असं त्यांना वाटायचं नाही. काहींचं हे कित्येक महिने चाललं. ही माणसं हावरट नव्हती. त्यांच्या शरीराने दुष्काळ ओळखला होता आणि अन्न दिसताच ते साठवून घेत होतं.

तुमच्या शरीरानेही तीन वर्षांपूर्वी तेच ओळखलं. शरीराला डाएट आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, 'साठा पुरेसा आहे' हा मेंदूला जाणारा निरोप तो. वजन झपाट्याने उतरलं की लेप्टिन घसरतं. पोटातून निघणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं. वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही ही संप्रेरकं पूर्ववत झालेली नसतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे लोक कौतुक करत होते त्या काळात तुमचं शरीर सतत भुकेची हाक देत होतं, आणि तुम्ही ती रोज दाबत होता. दम कोंडून पाण्याखाली राहिलेला माणूस वर आला की तोंड वासून हवा ओढतो. त्याला कुणी हवेचा हावरट म्हणत नाही.

(त्या कौतुकाबद्दलही मला वाईट वाटतं. बारीक झालेल्या माणसाला 'किती छान दिसतेस' म्हणणारे लोक प्रेमानेच म्हणतात. पण त्यामुळे आता परत वजन वाढणं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरणं, असा धाक मनात बसतो. तो धाक घेऊन तुम्ही तीन वर्षं जगताय.)

भुकेच्या जोडीला डोक्यातले नियम असतात, आणि ते जास्त घात करतात. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, काहींना दिलं नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवून सांगितलं, चव घेऊन मत द्या, हवं तेवढं खा. एरवी मोकळेपणाने जेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच. पण ज्या एरवी खाण्यावर कडक नजर ठेवून असायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. पोट अधिक भरलेलं असताना. एकदा नियम मोडला की 'आता मोडलंच आहे, तर मोडूच दे' असं मन म्हणतं. शिवाय 'उद्यापासून पुन्हा सगळं बंद' हे ठरलेलं असतंच, मग आजची रात्र ही शेवटची संधी वाटते. तुमच्या डब्यातल्या पहिल्या चॉकलेटला तुम्ही गुन्हा ठरवलंत, म्हणून पुढची आठ खाल्ली जातात. पहिलं चॉकलेट नुसतं चॉकलेट असतं, तर दोनावर थांबता आलं असतं.

सगळ्यांचं असंच होतं असं मात्र नाही. बऱ्याच जणांत असं खाणं आधी सुरू होतं, अगदी शाळेच्या वयातही, आणि डाएट नंतर येतं. काहींच्या बाबतीत दिवसभर पोटभर जेवूनही रात्री तेच घडतं. तुमच्या पत्रात भुकेचा धागा इतका ठळक आहे म्हणून मी तो आधी धरला.

आता, हा आजार आहे का? जास्त खाणं सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होतं. सणासमारंभात, मित्रमंडळींत माणूस दोन घास चढ खातो आणि हसतहसत कबूल करतो. त्याला कुणी आजार म्हणणार नाही. थोड्या वेळात भरमसाट खाण्याच्या ज्या त्रासाला 'बिंज ईटिंग' म्हणतात, त्याची खूण म्हणजे ताबा सुटणं: थांबावंसं वाटतंय आणि थांबता येत नाही. आल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे प्रथम नीट टिपून ठेवलं, पण स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही, जे २०२२ पासून लागू झालं, तो आहे. अमेरिकन पुस्तिकेचा निकष असा: आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने. सोबत नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना भरपूर खाणं, लाजेपोटी एकटीने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधीपणा वाटणं, यांतल्या तीन तरी गोष्टी असाव्या लागतात. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण तुम्ही तुमच्या पत्रात यांतल्या बहुतेक गोष्टी लिहिल्या आहेत. तेव्हा हे तज्ज्ञाला दाखवण्याजोगं आहे, एवढं मी ठामपणे सांगते.

आणखी एक. हा त्रास जाड माणसांनाच होतो हा गैरसमज आहे. मध्यम बांध्याच्या, अगदी सडपातळ माणसांनाही होतो, आणि पुरुषांनाही होतो. पुरुष तर त्याला 'माझा आहारच दांडगा' म्हणून वर्षानुवर्षं झाकून ठेवतात.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही घाईघाईने लिहून पुढे गेलात. आई गेली तेव्हापासून वाढलंय, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. आणि लगेच पुढचं वाक्य आईचंच: ती मला हावरट म्हणायची. ताई, ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी-शेजारी लिहिलीत.

जिच्यावर आपलं प्रेम होतं आणि जिचं बोलणं आपल्याला लागतही होतं, अशा माणसाच्या जाण्याचं दुःख फार अवघड असतं. नुसतं रडून मोकळं होता येत नाही, कारण रडताना रागही वर येतो, आणि गेलेल्या माणसावर राग धरल्याची शरम वाटते. मग ते कुणाला सांगायचं? दिवसभर तुमच्याकडे रडायला वेळ नाही. कामावर हसरा चेहरा, घरी मुलांचा अभ्यास, सगळ्यांची ताटं. स्वतःसोबत एकटं असण्याची पहिली वेळ येते ती सगळे झोपल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही स्वयंपाकघरात जाता.

असं भरमसाट खाणं हा स्वतःपासून सुटण्याचा मार्ग असतो, असं टॉड हेथर्टन आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं. ज्या माणसाच्या स्वतःकडून फार मोठ्या अपेक्षा असतात आणि आपण त्यांत कमी पडतोय हे ज्याला सतत टोचत असतं, त्याला ते टोचणं काही काळ तरी थांबायला हवं असतं. खाताना लक्ष आकसून हातातोंडापुरतं उरतं. पुढचा घास, त्यानंतरचा घास. आई, ऑफिस, आरसा, उद्या, यांतलं काहीच त्या दहा-वीस मिनिटांत आत शिरू शकत नाही. तुम्ही दिवा लावत नाही ते मला इथे फार बोलकं वाटलं. कुणी बघू नये म्हणून तर आहेच, पण कदाचित स्वतःलाही आपण दिसू नये म्हणून असेल. हे खरं आहे की नाही ते तुम्हीच ठरवा, माझा आग्रह नाही. मात्र थोडा वेळ का होईना त्या खाण्याने सुटका मिळते, हे मान्य करायला हवं. मेंदू ती सुटका लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी जीव घुसमटला की त्याच दाराशी आणून उभं करतो.

चव कळत नाही, तरी हात थांबत नाही, हेही तुम्हाला विचित्र वाटलं असेल. मेंदूत 'हवं असणं' आणि 'आवडणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे केंट बेरिज या संशोधकाच्या कामातून पुढे आलं. डोपामाइन हे मुख्यतः हवं असण्याचं रसायन आहे. एखाद्या गोष्टीची ओढ प्रचंड असू शकते आणि ती मिळाल्यावर मजा शून्य. तुमच्या रात्री अशाच असतात. म्हणून 'एवढं आवडतं तर मनसोक्त खा नि विषय संपव' असा सल्ला कुणी दिला तर त्याचा काही उपयोग होत नाही.

आईच्या त्या शब्दाबद्दल. घरात लहानपणी शरीरावरून, खाण्यावरून बोलणी खाल्लेल्या मुलांत पुढे हा विकार होण्याचा धोका जास्त असतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या आईने ते तुमचं वाईट व्हावं म्हणून केलं असं मी म्हणत नाही. तिलाही कुणीतरी असंच वाढवलं असेल. पण वाढत्या वयाच्या मुलीला भूक लागते, ती दुसऱ्यांदा वाढून मागते, यात हावरटपणा कुठे आला? तिचं खरं नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे, आणि ते पूर्ण आहे.

उरलेली कारणं थोडक्यात सांगते. आनुवंशिकतेचा यात बराच वाटा आहे, हे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून स्पष्ट झालंय. तेव्हा घरात आणखी कुणी असं खात होतं का, हे आठवून बघा. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि तुम्ही मध्यरात्रीपर्यंत जाग्या असता. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींची ओढ वाढते. काही औषधांनी, उदाहरणार्थ स्टिरॉइड आणि मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी, भूक खवळते. लक्ष विचलित होण्याचा विकार, नैराश्य, चिंता, यांच्या सोबतीनेही हे येतं. आणि रात्री हाताला लागतं ते कारखान्यातलं खाणं जास्त खाल्लं जावं अशाच धाटणीचं असतं. २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या चमूने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्हींत साखर, चरबी, तंतू सारखेच ठेवून. हवं तेवढं खायची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता.

पण आणखी एका कारणावर मला थांबायचं आहे, कारण ते सहसा परिणाम म्हणून मोजलं जातं. ते म्हणजे लाज. तळाशी दाबलेले रॅपर, मोजून परत आणलेली चॉकलेटं. त्या खरेदीच्या वेळी तुमच्या मनात काय चालतं, हे जरा आठवा. 'आज दिवसभर काही खायचं नाही.' म्हणजे लाजेतून उपाशी दिवस निघतो, उपाशी दिवसातून रात्र, रात्रीतून पुन्हा लाज. भूक, दुःख, आनुवंशिकता यांनी हे सुरू केलं असेल, पण तीन वर्षं ते चालू ठेवलंय ते या लपवालपवीने. म्हणून स्वतःला झापून हे कधीच थांबणार नाही. झापणं हा त्या चक्राचाच एक भाग आहे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी सकाळी खा. दिवसाची तीन जेवणं आणि मध्ये दोन वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. या विकारावर ज्या उपचारांचा सर्वाधिक अभ्यास झालाय, त्यांची ही पहिली पायरी आहे. भूक असो-नसो, घड्याळाप्रमाणे खायचं, कारण इतक्या वर्षांत तुमच्या भुकेचे आणि तृप्तीचे संकेत पार गोंधळून गेलेत. सुरुवातीचे काही आठवडे पोट जड वाटेल, 'मी दिवसाही खातेय आणि रात्रीही' अशी धडकी भरेल. त्या धडकीने पुन्हा चहावर येऊ नका. दिवसा पोट भरायला लागलं की बहुतेकांच्या रात्री हळूहळू निवळतात.

यातली सगळ्यात अवघड सकाळ म्हणजे अशा रात्रीनंतरची. तेव्हा नाश्ता करावासा मुळीच वाटणार नाही. पण तोच नाश्ता सर्वांत महत्त्वाचा. ठरल्या वेळी थोडं तरी खा, बसून खा. रात्रीची भरपाई करायची नाही. व्यायाम वाढवून नाही, जेवण टाळूनही नाही.

एक वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, आणि त्याआधी तासाभरात काय घडलं, काय वाटत होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. वजनाचा काटा रोज बघत असाल तर तो आठवड्यातून एकदावर आणा. दोन-तीन आठवड्यांत वहीत काहीतरी आकार दिसायला लागेल: दुपारचं जेवण हुकलेला दिवस, अमुक व्यक्तीचा फोन, रविवारची संध्याकाळ, आईचा विषय. कारणं अशीच सापडतात, तुमची स्वतःची, माझ्या यादीतली नव्हेत.

ती उशिराची वेळ मोकळी सोडू नका आणि कामानेही भरू नका. ती तुमची आहे. दिवा लावा. आईबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा, रागाचंही लिहा. रडू आलं तर येऊ द्या. खाण्याची लाट आली तर ती चढते तशी ओसरतेही, बहुतेक वेळा अर्ध्या तासात. तेवढा वेळ बहिणीशी, मैत्रिणीशी दोन शब्द बोलता आले तर उत्तम. नाहीच जमलं आणि खाल्लंत, तर निदान बसून, ताटलीत घेऊन, उजेडात खा.

आणि मदत घ्या. यासाठी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (सीबीटी) आहे, म्हणजे तज्ज्ञाशी बोलत त्रासामागचे विचार आणि सवयी बदलत जाणं, आणि ती पुष्कळ लोकांना उपयोगी पडते. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून त्याच पद्धतीवर आधारलेला, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्वतः करायचा अभ्यासक्रम सुचवलाय. नात्यांतल्या ताणांवर आणि दुःखावर काम करणारी आंतरवैयक्तिक उपचारपद्धतीही परिणामकारक ठरली आहे. तुमच्या पत्राकडे बघता ती तुम्हाला जवळची वाटेल असा माझा अंदाज आहे. काहींना औषधांनी फायदा होतो, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. रक्तातली साखर आणि थायरॉइडही एकदा तपासून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, वजन कमी करण्याचा कार्यक्रम हा या विकारावरचा उपचार नाही. कुणी पहिल्याच भेटीत डाएटचा तक्ता हातात दिला तर दुसरा तज्ज्ञ शोधा. आणि पुढे कधी उलटी काढावीशी वाटली, जुलाबाच्या गोळ्या घ्याव्याशा वाटल्या किंवा जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

राहता राहिला नवरा. सांगा, असंच मी म्हणेन. रात्री नको, अशा एखाद्या रात्रीनंतरच्या सकाळीही नको. सुट्टीच्या दिवशी, मुलं बाहेर असताना. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. 'मला खाण्याचा एक त्रास आहे, तो मी तीन वर्षं लपवलाय, आणि आता डॉक्टरांकडे जाणार आहे' एवढ्याने सुरुवात होते. काय हवंय आणि काय नको, तेही त्याच वेळी सांगून टाका, कारण प्रेमाची माणसं अशा वेळी पहारेकरी होतात. चॉकलेटांचा डबा कुलपात ठेवू नको. माझ्या ताटात डोकावू नको. 'आज खाल्लंस का' असं रोज विचारू नको. त्याऐवजी रात्री मी सगळ्यांबरोबर एकदमच जेवायला बसेन, वाढायचं काम तू अर्धं घे. आणि जेवण झाल्यावर अर्धा तास माझ्याशी बोलत बस.

ते ऐकून घेतील की नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. थट्टा होईल किंवा बोलणी बसतील अशी मनात खरी भीती असेल, तर आधी मैत्रिणीला सांगा, किंवा थेट तज्ज्ञाला. नवऱ्याला सांगायचं कसं, हे मग त्या मैत्रिणीसोबत किंवा तज्ज्ञासोबत बसून ठरवता येईल. पण या महिन्यात कुणातरी एका माणसाला सांगाच.